चकल्यांचा वर्क स्टडी

आमच्या नेरूळच्या घरी दिवाळी आधी नाकाला कळायची. नवरात्र उठलं की आई भाजणी भाजायला घ्यायची, आणि तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने, जिरे असं एकेक कढईतून उतरत गेलं की पडद्यांपासून माझ्या कॉलेजच्या सॅकपर्यंत सगळ्याला तो वास लागायचा. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्यांना अकरा वाजताच भूक लागायची. घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं. मागच्या दाराबाहेरची जागा ओळीतल्या सगळ्यांनी पत्रे टाकून घरात ओढून घेतली होती, तशी आम्हीही घेतली होती. तिथं आई आणि शेजारच्या सावंतकाकू ऑर्डरीचा फराळ करायच्या. बाबा त्या जागेला कारखाना म्हणायचे आणि स्वतःला क्वालिटी कंट्रोल म्हणवून घ्यायचे, म्हणजे येताजाता डब्यात हात घालायचे. सोऱ्या कुरकुरायचा, तेल चरचरायचं, आणि या सगळ्यावर सावंतकाकूंचं बोलणं चालू असायचं. ते बंद पडलं तर आई काळजीनं वळून बघायची.

आता आत्याची ओळख करून द्यायला हवी, कारण ओळख करून दिल्याशिवाय ती कुठं जात नसे. बाबांची मोठी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, खारघरला चौदाव्या मजल्यावर राहणारी. शाळा सुटली तरी तपासण्याची सवय सुटली नव्हती. लग्नाच्या आमंत्रणपत्रिका, रिक्षावाल्यांचं वागणं, दुसऱ्यांच्या घरची आमटी, सगळ्याला तिचा शेरा असे. आईच्या चकलीला तिनं लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ‘बरी आहे’ म्हटलं होतं, आणि पुढची वीस-बावीस वर्षं त्या शेऱ्यात काडीची सुधारणा झाली नव्हती. मी मात्र तिची लाडकी. माझ्या इंजिनियरिंगच्या ॲडमिशनसाठी बाबांशी भांडली होती ती, आणि चारचौघांत मला ‘आमची इंजिनियर’ म्हणायची. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तिच्या मुलाचा साखरपुडा ठरला. ती आईला म्हणाली, “सुनंदा, पाहुण्यांना द्यायच्या पुड्यांतली चकली तू कर. दहा किलो. बघू जमतंय का.”

तो ‘बघू’ आईच्या जिव्हारी लागला. तिनं सोऱ्याची नवी जाळी आणली, तीळ दोनदा निवडले, आणि सावंतकाकूंना दिवसातून तीनदा सांगितलं, “वन्संच्या घरचं कार्य आहे हो, नाव ठेवायला जागा नको.” ती एरवी इतक्या ऑर्डरी करायची, पण ही ऑर्डर नव्हती, परीक्षा होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा आत्यानं तिला चार लोकांसमोर काही करून दाखवायला सांगितलं होतं, आणि आईला ते करून दाखवायचं होतं.

माझीही परीक्षाच चालू होती, पण नव्या तऱ्हेची. मी प्रॉडक्शन इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या आधीच्या बॅचेस ‘वर्क स्टडी’ हा विषय घोकायच्या, पेपरात ओकायच्या आणि विसरायच्या. आमच्या वर्षापासून प्रोजेक्ट करून शिकायचं असं ठरलं. देवधर सर पहिल्याच तासाला म्हणाले, “खरी जागा शोधा, खरी माणसं, खरं काम. बसून बघा, मोजा, काय सुधारता येईल ते ठरवा, सुधारून दाखवा, मग परत मोजा. नेटवरून उतरवलेला रिपोर्ट मी वासावरून ओळखतो.” चौघांचा ग्रुप करायचा होता. आमच्यातल्या दोघांनी ‘आम्ही प्रिंटिंग आणि बाइंडिंग बघतो’ असं जाहीर करून अंग काढून घेतलं, ते पुढं बाइंडिंगलाही आले नाहीत. उरलो मी आणि हर्षल. हर्षल सारसोळ्याचा, घरची मासेमारीची बोट असलेला, बोलायला कमी आणि बघायला पक्का. आम्ही दोघं कॉलेजचं पत्र घेऊन तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत तीन आठवडे फिरलो. वॉचमन पत्र आत न्यायचा आणि तसंच परत आणायचा. साहेब सगळीकडे मीटिंगमध्ये होते. एक दिवस असंच दमून आमच्या घरी आलो, आईनं समोर चहा आणि चकल्या ठेवल्या. हर्षल दुसरी चकली मोडता मोडता मागच्या दारातून बघत राहिला आणि म्हणाला, “ए, आपण उगाच फिरतोय. हा प्लँट नाय तर काय हाय?”

सरांनी चक्क परवानगी दिली. आता या विषयातली गंमत सांगते. कुठलंही काम बघायचं आणि त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला एक खूण द्यायची. काही घडवलं की गोल, काही हलवलं की बाण, तपासलं की चौकोन, आणि नुसतं थांबलं की इंग्रजीतला डी. डी म्हणजे डिले, फुकट गेलेला वेळ. कागदभर या खुणा झाल्या की चांगल्या विद्यार्थ्यानं डी शोधायचे आणि मारायचे. आम्ही कागद, पेन आणि हर्षलच्या मोबाइलवरचं स्टॉपवॉच घेऊन पत्र्याखाली बसलो. पहिल्या दिवसाची सगळी मोजणी फेकून द्यावी लागली, कारण आई ठेवणीतली साडी नेसून आली आणि दर पाच मिनिटांनी काम थांबवून आम्हाला खायला देत राहिली. खुणांच्या यादीत ‘पाहुण्याला वाढणे’ याला खूण नव्हती. हर्षलच्या हातातला मोबाइल बघून सावंतकाकू त्याला विचारत होत्या, “मी दिसतंय मा फोटोत?” तिसऱ्या दिवसापर्यंत दोघी आम्हाला विसरल्या आणि मग खरं काम दिसायला लागलं.

काम असं होतं. पाणी उकळलं की त्यात तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ, कडकडीत मोहन. मग भाजणी घालून ढवळायची, गॅस बंद, पातेल्यावर ताट. यानंतर दोघी हात पुसायच्या, चहा घ्यायच्या आणि बसायच्या. पाच-दहा मिनिटं नव्हे, चांगल्या बसायच्या. सोसायटीच्या पाण्यापासून विषय निघायचा आणि सावंतकाकूंच्या सुनेवर मुक्कामाला यायचा. सुनेचं झालं की आई उठून ताट काढायची, उकड मळायला घ्यायची, आणि तिथून पुढं दोघींचे हात असे चालायचे की हर्षलला लिहिणं जमायचं नाही. दिवसातून अशी चार वेळा उकड, चार वेळा सून. माझ्या कागदावर लाल पेनानं चार मोठे डी उभे राहिले. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू. अख्ख्या वर्गात इतका ढळढळीत डी कुणाला सापडला नव्हता.

हर्षल त्या कागदाकडे बघून डोकं खाजवत म्हणाला, “बघ हां. आमच्या बोटीवर पन सगले नुसते बसलेले दिसतात. ते भरतीची वाट बघत असतात.”

“इथं कुठली भरती?” मी म्हटलं. “इथं सावंतकाकूंची सून आहे.”

तो हसला आणि पुढची ओळ लिहायला लागला. त्याच्या बोलण्यावर थांबून विचार केला असता तर पुढचं टळलं असतं, पण डी माझ्या हातात होता आणि मी हुशार होते. पुढं नोकरीत मी अनेक कारखान्यांत अनेक माणसं बसलेली बघितली, आणि प्रत्येक वेळी आधी विचारलं, कशाची वाट बघताय? निम्म्या वेळा ते खरंच कशाची तरी वाट बघत असत. उरलेल्या निम्म्या वेळा साहेब जाण्याची.

आमची सुधारणा दोन कलमी होती. एक, डी रद्द. भाजणी ढवळली की लगेच मळायची, गरम असेल तर पंखा लावायचा. दोन, चार वेळा थोडी थोडी उकड काढण्यापेक्षा एकदाच सगळी काढायची, त्यासाठी गणपती मंडळाचं मोठं पातेलं आणायचं. आत्याची निम्मी-अधिक भाजणी अजून शिल्लक होती आणि साखरपुडा रविवारी सकाळी होता. आदल्या दिवशी, शनिवारी, मी आईला तक्ता दाखवला. तिनं लाल डी बोटानं मोजले.

“झाकून ठेवायचंच नाही?” ती म्हणाली.

“का ठेवायचं?”

तिनं खरंच विचार केला. मग म्हणाली, “माझी आई ठेवायची.”

“हे काही कारण नाही, आई.”

हे मी ज्या सुरात म्हटलं तो सूर मला अजून ऐकू येतो. तो आत्याचा होता. आईनं माझ्याकडे जरा बघितलं, पदर खोचला आणि विचारलं, “आधी थोडं करून बघू का?” मी म्हटलं, थोडं केलं तर मोठ्या पातेल्याची मोजणी कशी मिळणार? “तुझ्या मार्कांचं आहे ना,” ती म्हणाली, “मग चल, करू.” एवढ्या मोठ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं आपला पेपर माझ्या हातात दिला, आणि मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पुढचं लवकर सांगून टाकते. गरम उकड मळवेना म्हणून उलथन्यानं कालवली. ती भेगाळली म्हणून पाण्याचे हबके मारले. सोऱ्यातून चकली काटेदार पडायची, उचलायला गेलं की तीन तुकडे. आणखी पाणी घातलं तर उचलली जायची आणि कढईत गेल्यावर विरघळायची. सावंतकाकू बोलायच्या थांबल्या. आई एकामागून एक घाणे काढत राहिली, प्रत्येक घाण्याला तिचा चेहरा उतरत गेला, आणि हर्षलच्या मोबाइलवर त्या वेळपर्यंतची सगळ्यात उत्तम वेळ दिसत होती. शेवटी आईनं गॅस बंद केला. मग सावंतकाकूच म्हणाल्या, “आमी चाय पितंव म्हणान झाकून ठेवतंव, काय झाकून ठेवतंव म्हणान चाय पितंव, ता देवाक म्हायत.”

भरती ती होती. भाजणी ताटाखाली वाफेवर मुरायची, पाणी पिऊन घ्यायची, आणि दोघींनी तेवढ्या वेळाला घड्याळ न लावता चहा आणि सून लावली होती. आईला हे शब्दांत माहीत नव्हतं, हातांना माहीत होतं. मी हातांना विचारलंच नव्हतं. आता नवी भाजणी भाजून दळून आणायची तर गिरणीची सुट्टी. आईनं उरलेला गोळा झाकून ठेवून बघितला, पण त्यात इतकं पाणी गेलं होतं की तो सुधारण्यापलीकडे होता. बाबांनी एक तुकडा तोंडात टाकून “चव तीच आहे गं” म्हटलं आणि आईनं त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की क्वालिटी कंट्रोल बाहेरच्या खोलीत निघून गेलं. आदल्या दिवशी जुन्या पद्धतीनं केलेल्या चकल्यांचा एक डबा अखंड होता. बाकी दोन डबे तुकडे.

रविवारी सकाळी आई आणि मी तिन्ही डबे घेऊन खारघरला गेलो. आत्याच्या हॉलमध्ये मुलीकडची माणसं येऊन बसली होती, पुडे भरायला टेबल मांडलं होतं. आत्यानं नेमका तुकड्यांचा डबा आधी उघडला. आत बघितलं, चष्मा काढला, परत लावला.

“सुनंदा, हे काय?”

“उकड बिघडली वन्सं,” आई म्हणाली. “माझा हात चुकला.”

“एवढी वर्षं करतेस, आणि आजच चुकायचा होता? मी या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं गं.” मग पाहुण्यांकडे वळून, “जाऊ दे, तिला झेपायचं नाही हे मलाच कळायला हवं होतं.” मुलीची आई समजूतदारपणे हसली. कुणीतरी जवळच्या दुकानातून चकल्या मागवल्या. आणि आत्यानं माझा दंड धरून मला पुढं केलं, “ही आमची इंजिनियर.” मी नमस्कार केला. माझ्या तोंडात पेढा होता. मी काहीच बोलले नाही, आणि बोलले नाही याचं कारण पेढा नव्हता.

येताना रिक्षात आईनं रिकामी पिशवी घडी घालून मांडीवर ठेवली होती. मी विचारलं, “तू खोटं का बोललीस?”

“तिच्याकडे मी इतकी वर्षं काठावर पास होत आलेय,” आई रस्त्याकडे बघत म्हणाली. “आज नापास झाले, एवढंच. तुला पहिल्या नंबरावरून कशाला खाली आणायचं?” आणि मग, जरा वेळानं, “पण जमलं असतं गं या वेळी.”

चार दिवसांनी रिपोर्ट लिहायला बसले. वरच्या वर्गातल्यांनी दिलेला एक जुना रिपोर्ट शेजारी ठेवला होता, कसा लिहायचा ते बघायला. ‘अपयशाची कारणे’ अशा मथळ्याखाली तिथं एकच ओळ होती: कामगाराची चूक. मी ती तशीच टाइप केली, कारण तसंच लिहायची पद्धत होती, आणि पुढच्या पानावर गेले. मग परत मागे आले. स्क्रीनवर तीच ओळ होती जी आई आत्यासमोर बोलली होती. तिनं ती माझ्यासाठी म्हटली होती आणि मी ती छापायला निघाले होते, चार प्रतींत, सोनेरी अक्षरांच्या काळ्या कव्हरात. मला लाज वाटली. ओळ खोडली, ‘निरीक्षकाची चूक’ असं लिहिलं, आणि चहा आणि सुनेसकट सगळं खरं खरं मांडलं. हर्षलला फोनवर वाचून दाखवलं, तो म्हणाला, “मार्क जातील. पन बरोबर हाय, राहू दे.” मार्क गेलेच थोडे. सुधारणेनंतर वेळ सोडून बाकी सगळे आकडे आधीपेक्षा वाईट झालेला वर्गातला तो एकच रिपोर्ट होता.

मग मी आत्याला फोन लावला. सगळं सांगितलं. ती मध्ये बोलली नाही, जे तिच्या बाबतीत भीतीदायक होतं.

“हे सांगायला चार दिवस लागले?” शेवटी ती म्हणाली.

“हो.”

“सुनंदाला माहितीये तू फोन करतेयस ते?”

“नाही.”

“बरं. ठेव.”

भाऊबीजेला दरवर्षी बाबा खारघरला जायचे. त्या वर्षी सकाळीच आत्याचा निरोप आला, मी येतेय. आली, बाबांना ओवाळलं, ओवाळणी पर्समध्ये टाकली आणि पर्समधून एक छोटी डायरी काढली. “सुनंदा, बाहेर ये,” तिनं हाक मारली. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

“चकल्या हिनं बिघडवल्या,” आत्या म्हणाली. “तू माझ्याशी खोटं बोललीस.”

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मला बाबांमागे बाहेरच्या खोलीत जावंसं वाटलं, पण बाहेरच्या खोलीतच होतो सगळे.

“आणि मी तुला सगळ्यांसमोर बोलले,” आत्या पुढं म्हणाली. “मुलांच्या निकालात चूक झाली तर मी नुसतं मुलाला बोलावून सांगत नसे, बोर्डावर दुरुस्ती लावत असे. तेव्हा त्या दिवशी जे जे होते त्यांना मी फोन केलेत. सांगितलं, चूक सुनंदाची नव्हती. एक डबा अखंड होता, तो मी घरी ठेवून घेतला होता. तशी चकली माझ्या ओळखीत कुणाला येत नाही. हेही सांगितलं.” आणि तिनं चष्मा लावून डायरीतली नावं हजेरी घेतल्यासारखी वाचून दाखवली.

आई म्हणाली, “कशाला हो वन्सं उगाच. पुरणपोळी वाढू ना?”

“वाढ,” आत्या म्हणाली. जेवताना तिनं पुरणात जायफळ जास्त पडल्याचं सांगितलं, दोन पोळ्या खाल्ल्या आणि चारच्या सुमारास गेली.

ती गेल्यावर आई मोरीपाशी भांडी घासायला बसली. मी विसळायला बसले. मला वाटलं आता माझी धडगत नाही, पण ती बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. मग मान वर न करता विचारलं, “कुणाकुणाला केले म्हणाल्या फोन?”

मी नावं सांगितली. विहीणबाई. त्यांचे मिस्टर. त्यांची पुण्याची बहीण. समोरच्या फ्लॅटमधल्या नायरबाई. मुलीची मामी. भटजी.

“भटजींनापण?”

“हो.”

तिनं पातेलं माझ्याकडे सरकवलं, दुसरं ओढून घेतलं आणि म्हणाली, “परत सांग.”